सोपा रस्ता, धोका शून्य

४ नोव्हेंबर, रविवार

आयुष्यातली पहिली ऑफ-रोड ट्रिप. जीप सेकंडहँड असली तरी उत्साह फर्स्टहँड. एकंदर कामगिरी उत्तम. फक्त बंपर गेला.

रस्ता म्हणजे रस्ताच नव्हता. कोरडा ओढा आणि त्यात म्हशीएवढे दगड. ग्रुपच्या प्रमुख डॉक्टरीणबाई (धंद्यानं डेंटिस्ट, त्यामुळे कुणी तोंड उघडलं की आधी दात बघतात) सकाळीच म्हणाल्या, हा ट्रेल अवघडपणात पाचपैकी पाच. तरी लोक पोराबाळांना घेऊन आलेले. काही जण दगडांवर बसून सँडविच खात होते. हे बघून माझ्यातला विमा कंपनीचा माणूस हादरला. जोखीम विभागात उभी हयात गेली माझी. खुर्चीतून न उठता नुसत्या वासावरून जोखीम ओळखतो मी.

तिसऱ्या दगडावर जीप पोटावर बसली. पुढची दोन चाकं हवेत गरगर. मी किंचाळलो असं पोपटचं म्हणणं. मी सूचना देत होतो. पोपट म्हणजे हिरव्या जीपवाला. खरं नाव वेगळं असेल, मी विचारलेलं नाही.

डॉक्टरीणबाई खिडकीशी येऊन शांतपणे म्हणाल्या, घाबरू नका, हे नुसतं अवघड आहे, धोक्याचं नाही. चुकलात तर काय होईल, पत्रा वाकेल. पत्रा सरळ करता येतो. मी मान हलवली, पण पटलं नाही. अवघड तेच धोक्याचं आणि सोपं तेच सुरक्षित, हे शेंबडं पोरही सांगेल. सोप्या पेपरात कुणी नापास झालेलं ऐकलंय का? (मी एकदा झालो होतो. पण तेव्हा ताप होता.)

शेवटी पट्टा लावून पोपटनं ओढून काढलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात हलवून स्वीकारल्या.

संकल्प: या ग्रुपचा ट्रेल मार्शल व्हायचं. मार्शल म्हणजे जो आधी जाऊन रस्ता बघतो आणि त्याला मार्क देतो. म्हणजे माझंच ऑफिसचं काम, फक्त उन्हात.

६ नोव्हेंबर, मंगळवार

गॅरेज. मेकॅनिक गाडीभोवती फिरला आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसा बोलला. मागचं दार वाकून जाम झालंय. हँडब्रेक नीट धरत नाही. दोन्ही करून घ्या, गाडी ठेवून जा.

गाडी ठेवून जायला मला वेळ नव्हता. त्याऐवजी स्नॉर्केल बसवून घेतलं, ते उभ्याउभ्या होतं. स्नॉर्केल म्हणजे गाडीचं वर काढलेलं नाक. खोल पाण्यातून जाताना इंजिनाला श्वास घेता येतो. आमच्या आसपास खोल पाणी नाही. पण तयारी असलेली बरी. शिवाय लांबून गाडी उठून दिसते. दाराचं काय, मागच्या दारानं जायची सवय मला नाहीच.

बायकोनं स्नॉर्केल बघितलं. म्हणाली, छान आहे, हँडब्रेक झाला का? बायकांना गाडीतलं सौंदर्य दिसत नाही.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज. पोपटला मार्शल केलं. अभिनंदनांचा पाऊस. मीही फूल पाठवलं. मग ग्रुप म्यूट केला. राग म्हणून नव्हे. एकाग्रतेसाठी.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडला! साहेबांची मीटिंग चालू असताना टेबलाखाली मोबाइलवर नकाशा बघत होतो. डोंगराच्या कडेकडेनं एक जुना खाणीचा रस्ता. खाण बंद, रस्ता मोकळा. वर सपाट माळ आणि छोटं तळं. सॅटेलाइटवरून इंचन् इंच बघितला. एक दगड नाही, ओढा नाही, चिखल नाही. पट्टीनं रेघ मारावी तसा. पोपटच्या बापजन्मात असा रस्ता सापडला नसता.

जेवणाच्या सुट्टीत रिपोर्ट तयार केला. अवघडपणा: पाचपैकी एक. धोका: शून्य. शिफारस: कुटुंबासह. डॉक्टरीणबाईंना थेट पाठवला आणि सुचवलं की पुढची ट्रिप, म्हणजे रविवार अठरा, इथेच करावी.

त्यांचं लगेच उत्तर. विचारलंय, स्वतः जाऊन आलात ना?

मी अंगठा पाठवला.

हे खोटं बोलणं नव्हे. अंगठ्याचे अनेक अर्थ होतात. 'हो' हा त्यातला एक. 'मेसेज वाचला' हा दुसरा.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी गाडी बाहेर काढायला बायकोला उठवावं लागलं. आमच्या गल्लीत वळायला जागा नाही, रिव्हर्सच घ्यावा लागतो, आणि रिव्हर्स मला तत्त्वतः मान्य नाही. माणसानं पुढं बघावं. ती गाऊनवरच खाली आली, एका हातात चहाचा कप, एका हातात स्टिअरिंग, आणि भिंतीला न लावता गाडी रस्त्यावर. लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय. तिला ते आवडतं असा माझा समज आहे.

उतरताना म्हणाली, रविवारच्या रस्त्यावर तुम्ही जाऊन आलात कधी? मी म्हणालो, बघितलाय. ती म्हणाली, जाऊन आलात का? मी म्हणालो, बघितलाय म्हणजे बघितलाय. ती कॉलेजात गणित शिकवते. एकच प्रश्न पुन्हा विचारायची तिला सवय आहे.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

झोप नीट नाही. अपचन असावं.

परवा बारा जीपा जाणार आहेत त्या रस्त्यानं. पोरंबाळं असतील. रस्ता सोपाच आहे, त्याबद्दल तिळमात्र शंका नाही. पण उद्या शनिवार, सुट्टी, एकदा डोळ्यांखालून घालावा असं वाटतंय. केवळ सूर्यप्रकाश कुठून येतो ते बघायला. फोटोसाठी.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मी येते. सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत, त्यांच्या घराला रंग चाललाय. त्या म्हणाल्या, रंगाचा वास नको म्हणून आले, इथं तुमच्या घरात नुसती बसून आहे, मीही येते. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले. स्टीलचे आहेत. मी म्हणालो, अवश्य. कुटुंबासह अशी शिफारस मीच केली आहे, तर सुरुवात आपल्यापासून.

१७ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ.

डायरी सोबत घेतली आहे. ट्रेलवरच्या नोंदी ट्रेलवरच व्हाव्यात.

रस्ता अप्रतिम! सपाट, कोरडा, मऊ माती. फोर-बाय-फोर घालायचीही गरज नाही. एका बाजूला डोंगराचा कातळ, दुसऱ्या बाजूला निसर्ग. मी शीळ घालत चालवतोय. आता फोटोसाठी थांबलो आहे. सासूबाई मागं डोंगराच्या बाजूला बसल्या आहेत. निसर्गाकडे बघून म्हणाल्या, खूप खाली आहे हो निसर्ग.

बायको म्हणाली, रस्ता अरुंद होत चाललाय, वळायला जागा कुठाय? मी म्हणालो, वळायचंय कशाला? पुढं जायचंय. तिनं खिडकीबाहेर हात काढून कातळ किती लांब आहे ते बघितलं. कोपरही सरळ करावं लागलं नाही.

अवघडपणा: एक. कदाचित अर्धा.

दुपार.

छोटासा थांबा घेतला आहे.

झालं असं. वळणापुढं रस्त्याची बाहेरची कड कुणीतरी चावा घेतल्यासारखी गेलेली. नकाशात तशी नाही. मी कातळाला चिकटून काढायचं ठरवलं. आरसा कातळाला लागला म्हणून जरासं बाहेर घेतलं. मागचं बाहेरचं चाक भुसकन खाली गेलं. फार नाही. पण गाडी कलली आणि माझ्या खिडकीतून रस्ता दिसेनासा झाला. आता तिथून थेट झाडांचे शेंडे दिसतात. वरून.

इंजिन बंद. हँडब्रेक ओढला. गाडी एक वीतभर मागं सरकली आणि कड्यावरून माती सुटल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. तेव्हापासून माझा उजवा पाय ब्रेकवर आहे. तो मी काढणार नाही.

बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

परिस्थितीचं मूल्यमापन: माझं दार उघडलं तर बाहेर काहीच नाही. बायकोचं दार चार बोटं उघडतं आणि कातळाला लागतं. मागचं दार जाम. मोबाइलला रेंज नाही. फावडं, फळ्या, पट्टा, सगळं सामान टपावर, व्यवस्थित बांधलेलं.

दुपारच.

बायको गेली.

कातळाकडच्या खिडकीतून आधी पाय, मग कंबर, मग सगळी. माझ्या कल्पनेपेक्षा ती बारीक आहे. कातळ आणि गाडी यांच्या फटीतून खेकड्यासारखी सरकत मागं गेली. मग बराच वेळ दगड आपटल्याचा आवाज. चाकांमागं दगड लावले म्हणाली. खिडकीशी येऊन आईला म्हणाली, तू आहेस तिथंच बस, हलू नकोस, तुझं वजन त्या बाजूला हवंय. सासूबाई म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी हवंय.

मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, पाणी आईच्या पायाशी आहे. आणि चालत निघाली.

मीही जाऊ शकलो असतो. पण पाय ब्रेकवर आहे. कुणीतरी धरायला हवं. कप्तान जहाज सोडत नाही.

अजूनही दुपार.

पोटरीत गोळा आला. उतरला. पुन्हा आला.

सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, खरं सांगा, हे अवघड आहे की धोक्याचं? सकाळी गाडीत मीच त्यांना डॉक्टरीणबाईंची ती अवघड-धोक्याची थिअरी हसण्यावारी सांगितली होती. मी म्हणालो, अवघड आहे. थोडंसं.

त्या म्हणाल्या, मग तुम्ही कुजबुजत का बोलताय?

मी मोठ्यानं बोलायचा प्रयत्न केला. आवाज घशातच राहिला. मोठ्या आवाजानं गाडी हलते असं शास्त्रात नाही, पण आत्ता शास्त्र तपासायची वेळ नव्हे.

एक पक्षी खिडकीखालून उडत गेला. खालून. त्याची पाठ दिसली.

ऊन उतरू लागलं.

गाडीत दोन माणसं, एक बिस्किटाचा पुडा. बोलायला विषय नाही. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एकटे असे कधी बसलोच नव्हतो. सणासमारंभाला चौकशी, तब्येत, झालं. आता तब्येत विचारावी तर त्यांनी माझी विचारली. म्हणाल्या, पाय दुखतोय का? मी म्हणालो, छे.

मग त्या आपणहून बोलू लागल्या. सासरे गेले तेव्हा मी इथं नव्हतो, ऑफिसच्या ट्रेनिंगला होतो, त्यामुळे मला तपशील माहीत नव्हता. म्हणजे विचारला नव्हता. म्हणाल्या, ह्यांचं ऑपरेशन अगदी सोपं होतं. डॉक्टर म्हणाले, रोजची चार करतो आम्ही. ह्यांनी आत जाताना मला घड्याळ काढून दिलं आणि म्हणाले, जेवून घे तोवर. सोपंच होतं हो ते. कुणाचं काही चुकलं नाही. भूल उतरलीच नाही.

खालच्या झाडांवर वारा सुटला होता.

म्हणाल्या, तेव्हापासून कुणी सोपं आहे म्हणालं की मी त्याच्या मागं जाऊन बसते. आजही म्हणूनच आले.

दोन बिस्किटं मागं दिली. त्यांनी एक परत दिलं.

त्यानंतर लगेच.

एकदम ध्यानात आलं. उद्या रविवार.

आज आम्ही तिघं आहोत. उद्या बारा गाड्या. पुढच्या सीटवर कुणाची तरी बायको, मागं पोरं. माझा रिपोर्ट वाचून येणार. कुटुंबासह. पहिल्या गाडीचं चाक इथं भुसकन जाईल आणि मागच्या अकरांना रिव्हर्स घ्यायला लागेल. हे मी लिहून पाठवलं. शून्य. शून्य हा आकडा टाकायला किती कमी वेळ लागला होता. जेवणाच्या सुट्टीतून वेळ उरला म्हणून चहा प्यायलो होतो मी.

फोन वर धरला. रेंज नाही. खिडकीबाहेर धरला. हात बाहेर काढल्यावर खाली बघितलं आणि हात आत घेतला.

सासूबाई म्हणाल्या, काय झालं? सांगितलं. सगळं. अंगठ्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ती पोचली असेल एव्हाना. लहानपणापासून चालायला चपळ आहे. तुम्ही ब्रेक धरा.

ब्रेक धरला आहे. यापुढची हकिगत मला लिहिता आली नाही तर जो कुणी ही वही वाचेल त्यानं कृपया डेंटिस्टबाईंना कळवावं की

संध्याकाळ.

आवाज आला. मागून इंजिनाचा.

रात्री उशिरा नको, म्हणून घरी आल्याआल्या लिहितो आहे. पाय बादलीत.

पोपट रिव्हर्समध्ये आला. अख्खा रस्ता, खालपासून वळणापर्यंत, उलटा. वर वळायला जागा नाही तर आधीच उलटं यावं, म्हणजे जाताना सरळ जाता येतं. इतका साधा विचार. मी केला असता, पण मला घाई होती. सोबत डॉक्टरीणबाई आणि आमची ही, धुळीनं माखलेली, एक चप्पल तुटलेली. मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेली होती, तिथं रेंज मिळाली.

पोपटनं आमच्या जीपला मागून पट्टा लावून ताणला. मग पहार घालून मागचं दार उचकटलं. सासूबाईंना दोघांनी अलगद उचलून बाहेर घेतलं. त्या जमिनीवर उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदा त्यांनी स्वतःची साडी झटकली.

मग माझी पाळी. मी म्हणालो, मी पाय काढला की गाडी जाईल. आधी दुसरं कुणीतरी ब्रेक धरा. डॉक्टरीणबाई मागच्या दारातून आत वाकून म्हणाल्या, गाडी तुमच्या मिसेसनं लावलेल्या दगडांवर उभी आहे, आता पट्टाही आहे. दुपारपासून तुमच्या पायानं काहीही धरलेलं नाही.

तरी पाय निघेना. म्हणजे मी सांगत होतो, तो ऐकत नव्हता. शेवटी ही आत आली, सीटवरून वाकून माझी पोटरी दोन्ही हातांनी धरली आणि झाकण उघडावं तसा पाय पेडलवरून उचलला. गाडी जागची हलली नाही. ते बघून मला वाईट वाटलं. का, ते सांगता येत नाही.

मला सीटांवरून मागं ओढून काढलं. टपावरच्या फळ्या पोपटनं चाकाखाली घातल्या, ही चालवायला बसली आणि पट्ट्याच्या आधारानं जीप पुन्हा रस्त्यावर घेतली. मग तशीच रिव्हर्समध्ये, रुंद जागा येईपर्यंत, एका बाजूला कातळ आणि एका बाजूला तो निसर्ग. मी पुढून चालत हातांनी खुणा करत होतो. ती माझ्याकडे बघत नव्हती, आरशात बघत होती. पण मार्गदर्शन होतं.

खाली आल्यावर मी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेतलं. म्हणालो, उद्याची ट्रिप रद्द करा. जबाबदारी माझी.

त्या म्हणाल्या, ती आम्ही गेल्या रविवारीच बदलली. तुमचा रिपोर्ट आला तेव्हा मी स्वतः चालत वर येऊन बघितलं. त्या वळणापर्यंत गेले आणि परत आले. ग्रुपवर टाकलं होतं की हा रस्ता सोपा आहे पण एकही चूक माफ करणार नाही, कुणी जाऊ नका. सगळ्यांनी अंगठे दिले. तुमचा तेवढा नव्हता.

म्हणजे कुणीही येणार नव्हतं. दुपारभर मी ज्या पोराबाळांसाठी तळमळलो ती उद्या दुसरीकडेच चालली आहेत. आनंदच झाला. झालाच. पण जरा रिकामं वाटलं.

म्हणालो, मला वेगळा फोन करायचा. त्या म्हणाल्या, तुम्ही जाऊन आला होतात ना.

१८ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर झोपून. पाय सुजलाय. दुपारी पोपटनं फोन करून चौकशी केली. सासूबाईंचीही विचारपूस केली. सभ्य माणूस आहे. त्याचं नाव विचारायला हवं होतं, पण आता इतक्या उशिरा कसं विचारणार? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

बायको कालपासून नीट बोलते आहे. चहा देते, पाय शेकून देते. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तयार उत्तरं ठेवली आहेत.

२१ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसमध्ये बातमी पोचली. लंगडण्यावरून विषय निघाला आणि मी थोडक्यात सांगितलं. कड्यावर अडकलेली जीप, एक वृद्ध महिला, ब्रेकवर पाय ठेवून झुंज. तपशिलात शिरलो नाही. साहेब खूश. म्हणाले, पुढच्या महिन्यात जोखीम विभागासाठी तुमचं व्याख्यान ठेवू, प्रत्यक्ष अनुभव. विषयही त्यांनीच दिला: संकटातला शांतपणा.

संकल्प: व्याख्यान तयार करायचं. पोहायला शिकायचं. जीप सुरू ठेवायची, पडलेल्या माणसानं लगेच घोड्यावर बसावं म्हणतात.

बायकोनं जीप गॅरेजला नेऊन दार आणि हँडब्रेक दोन्ही करून आणलं. गाडी दोन दिवस ठेवून. मला विचारलंही नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला ग्रुपमध्ये घेतलं आहे. ड्रायव्हर म्हणून.

२५ नोव्हेंबर, रविवार

सासूबाईंच्या घराचा रंग वाळला. आज त्यांना स्टेशनवर सोडायचं होतं. मी म्हणालो, जीप मी चालवणार. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

शहरातून मस्त नेली. सिग्नल पाळले. स्टेशनच्या पार्किंगची नवी बहुमजली इमारत आहे. खालचे मजले भरलेले. वर जायला गोल गोल चढ. सिमेंटचा, दिवे असलेला, दोन्हीकडे कमरेएवढी भिंत. बाया स्कूटरवरून वर जातात.

पहिला मजला चढलो. दुसरा चढलो. तिसऱ्याच्या अर्ध्यावर भिंतीपलीकडे खालचा रस्ता दिसला. छोटी छोटी माणसं. मी थांबलो. म्हणजे पाय थांबला.

मागं एक गाडी आली. तिच्या मागं दुसरी. मग किती ते आरशात मावेना. हॉर्न सुरू झाले. त्या गोल चढात एक हॉर्न चारदा ऐकू येतो.

पार्किंगवाला शिट्टी वाजवत धावत वर आला. काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणालो, बॅटरी उतरली. तो म्हणाला, साहेब, लाइट तर लागलेत.

मी म्हणालो, क्लचचा प्रॉब्लेम आहे. तो म्हणाला, मग न्यूट्रल करा, ढकलतो. मी म्हणालो, नको. तो म्हणाला, मग काय करू? मी त्याच्याकडे बघत राहिलो. चांगला माणूस होता. मला त्याला खरंच काहीतरी सांगायचं होतं. सगळी कारणं आठवून बघितली. एकही लागू पडेना.

मग समोरच्या काचेकडे बघत म्हणालो, मला भीती वाटते.

कुणाला म्हणालो माहीत नाही. पार्किंगवाल्यानं शिट्टी तोंडातून काढली. मागून सासूबाई म्हणाल्या, हं. मी म्हणालो, आई, तुमची ट्रेन चुकेल. त्या म्हणाल्या, पुढची असते की.

मला वाटलं आता ही म्हणेल, सरका, मी घेते. मी सरकायची तयारीही केली होती. तिनं हात लांब करून हँडब्रेक ओढला, चारही इंडिकेटर लावले आणि सीटला टेकून बसली. माझ्याच बाजूला तोंड करून.

मागचा माणूस हॉर्नवरून हात काढायला तयार नव्हता.

ही म्हणाली, वाजवू दे त्याला.